लाभपंचमीचं गुलाबी कमळ

१

लाभपंचमीला, दिवाळीनंतर धंदा पुन्हा उघडायच्या मुहूर्तावर, हसमुखभाई सेठच्या पलसाण्याच्या मिलमधून एक साडी नाहीशी झाली. गंमत अशी, की ती साडी अजून छापलेलीच नव्हती. ती होती फक्त कॉम्प्युटरच्या पोटात. 'पानेतर' नावाचं लग्नसराईचं डिझाइन, पांढऱ्या अंगाला लाल काठ आणि पदरावर वेलीत बसलेले मोर. सत्याण्णव सालच्या अख्ख्या हंगामाची भिस्त सेठने त्या मोरांवर ठेवली होती. पूजा आटोपून त्याने माउस हातात धरला, डिझाइनची यादी उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली. पानेतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही हकीकत नवागामच्या एका माडीवर पोचली. तिथे मालतीबाई बाविस्कर कॉम्प्युटरचा क्लास चालवत. एके काळी अमळनेरला गणित शिकवलेल्या या बाई नवऱ्याच्या बदलीबरोबर सुरतेला आल्या, नवरा निवृत्त होऊन परत गेला तरी या इथेच राहिल्या, आणि लूमवाल्यांच्या पोरींना कॉम्प्युटर शिकवू लागल्या. यंत्र खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. बाईंचं मत वेगळं होतं. यंत्र सर्रास खोटं बोलतं, पण कारणाशिवाय बोलत नाही, असं त्या पहिल्याच तासाला सांगत.

समोर वर्षा बसली होती, डोळे सुजलेले. त्यांचीच विद्यार्थिनी. सेठच्या डिझाइन खोलीत तिला बाईंनीच चिकटवलं होतं.

"सगळ्यांसमोर बोलले, बाई," वर्षा म्हणाली. "हातात पेढा होता. म्हणाले, हिने सफाई सफाई करत माझं पानेतर पुसलं, नाहीतर विकून मग पुसलं. आज संध्याकाळपर्यंत परत आलं नाही तर पोलिसांत देतो म्हणाले. आई तिथेच फोल्डिंगला आहे, कापडाच्या घड्या घालायला. तिने सगळं ऐकलं."

"पुसलंस का?"

"मी फक्त टेम्प साफ केली. तुम्हीच शिकवलं होतं ना."

"मग प्रश्नच मिटला," बाई उठत म्हणाल्या. "माझी पोरगी चोर ठरली तर माझा क्लासही चोर ठरला. चल, माझ्या लुनावर बस. आणि वाटेत मुहूर्ताला काय काय झालं ते सांग. काही गाळू नकोस, तुला फालतू वाटेल तेसुद्धा."

२

वाटेत बाईंना जे कळलं ते असं.

हसमुखभाईंच्या डिझाइन खोलीत तीन कॉम्प्युटर. एक वर्षाचा, एक जुने डिझायनर विकास निकुंभ यांचा, एक सेठच्या पुतण्याचा, निमेशचा. सगळी डिझाइनं मात्र त्याच खोलीतल्या काचेच्या केबिनमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. तिथून वायरीने ती या तिघांकडे यायची. येताना फार वेळ लावायची, म्हणून एकदा आलेल्या डिझाइनची कॉपी प्रत्येक कॉम्प्युटर आपल्याजवळ ठेवून द्यायचा. ती जागा म्हणजे टेम्प.

क्लासात बाई हे दुकानावरून समजावत. दुकानदार एकदा गोदामातून माल आणतो आणि थोडा हाताशी फळीवर ठेवतो. पुन्हा गिऱ्हाईक आलं की फळीवरचा देतो, गोदामात जायचे कष्ट घेत नाही. गोदामात नवा माल येऊन पडला तरी हा आपला फळीवरचा जुनाच देत बसतो. मग करायचं काय? फळी साफ करायची. झक मारत गोदामात जाईल. फळी साफ केल्याने गोदामातला माल जात नाही, हे त्या दर वेळी बजावून सांगत.

दिवाळीला सगळी सुरत घासूनपुसून काढते. सेठचा हुकूम होता की कॉम्प्युटरची सफाईही व्हायला हवी. म्हणून वर्षाने तिन्ही कॉम्प्युटरची टेम्प रिकामी केली आणि सेठला दाखवली. सेठने मान डोलावली, कॉम्प्युटर बंद करवले, त्यांच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पूजा केली आणि खोलीला स्वतः कुलूप लावलं. तिथून लाभपंचमीपर्यंत एका बटणालाही हात लावायचा नाही, हा त्या मिलचा नियम. वर्षा आईबरोबर शिरपूरकडे गावी गेली, सेठ नाथद्वाऱ्याला.

"लाभपंचमीला सगळ्यांत आधी कमळ उघडायचं असतं," वर्षा बाईंच्या पाठीमागून वाऱ्यात ओरडून सांगत होती. "मिलचं पहिलं डिझाइन ते. नव्या वर्षात त्याच्याआधी दुसरं काही उघडायचं नाही. सेठ सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, कुलूप उघडतात आणि मोठ्या कॉम्प्युटरवर कमळाला नव्या वर्षाचा रंग भरतात. तेवढंच त्यांना येतं. मग आम्ही आपापल्या कॉम्प्युटरवर ते उघडून हात जोडायचे. निमेशभाईंना तर ते यादीत सापडेना. ते होळीनंतर आले ना, त्यांनी पाहिलंच नव्हतं कधी. मीच बोट ठेवून दाखवलं."

"पुढे?"

"यंदाचा रंग पिवळा होता. विकासकाकांच्या आणि निमेशभाईंच्या कॉम्प्युटरवर पिवळं कमळ आलं. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र गेल्या वर्षीचं गुलाबी. सेठ म्हणाले, अपशकुन झाला. आणि मग पानेतर सापडेना. त्या गुलाबी कमळावरूनच त्यांनी मला धरलं."

मालतीबाईंनी लुना रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. मागून येणारा टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला.

"ती टेम्प तू त्यानंतर साफ केलीस का?"

"नाही. हातच लावू दिला नाही. पण सेठ म्हणत होते, आज निमेशभाईंकडून कॉम्प्युटर पूर्ण पुसून घेतो, अपशकुन नको घरात."

बाईंनी लुनाचा असा काही कान पिळला की बिचारी किंचाळली.

३

बाई डिझाइन खोलीत शिरल्या तेव्हा निमेश वर्षाच्या खुर्चीत बसला होता आणि सेठ मागे उभा राहून उदबत्ती ओवाळत होता.

"माउस सोडा, निमेशभाई," मालतीबाई दारातूनच म्हणाल्या. वर्गात बडबडणाऱ्या पोराला सांगावं तशा म्हणाल्या, त्यामुळे निमेशने तो खरंच सोडला.

"तुम्ही मोडा पड्या, बेन, उशीर झाला," सेठ म्हणाला. "आता काय बघायचं? पोरीने पुसलं. एनी पेली सफाई, तिच्यातच गेलं."

"सफाईने तुमच्या केबिनमधलं डिझाइन जात नाही. तो वेगळा कॉम्प्युटर. आणि सफाई झाली तेव्हा तुम्ही स्वतः पाहिलीत. टेम्प रिकामी होती ना?"

"एकदम साफ. मी बघितलं."

बाई खुर्चीत बसल्या आणि टेम्प उघडली. आत दोन कॉपी होत्या, नावाच्या जागी नुसते आकडे. पहिली उघडली, गुलाबी कमळ आलं. दुसरीवर त्यांनी माउस नेला, थबकल्या, आणि पडदा बंद करून टाकला. तारीख पाहायची सोय नव्हती. या कॉम्प्युटरच्या घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली होती, तो रोज सकाळी ऐंशी सालात जागा व्हायचा.

"याला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "मला तीन माणसांशी बोलायचंय. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

पहिले विकास निकुंभ. मूळचे परभणीकडचे, बोटांना अजून ब्रशची सवय असलेले. कॉम्प्युटर यायच्या आधी मिलचं प्रत्येक डिझाइन ते फिल्मवर हाताने काढायचे. आता कागदावर काढत, स्कॅन करवून घेत आणि पडद्यावर रंग भरत.

"पोर गुणी आहे, बाई," ते म्हणाले. "पण हात फार झपाझपा चालतो. पुसता पुसता भलतंच पुसलं गेलं असंल. वाईट हेतू नसंल तिचा. सेठला तुम्हीच समजावा, पोलीस नका आणू म्हणावं."

"टेम्प म्हणजे नक्की काय असतं, विकासभाऊ?"

"ते वर्षाचं खातं. आपल्याला त्यातलं काही कळत नाही. उघडायचं, रंगवायचं, छपाईच्या स्क्रीन बनवणाऱ्याला द्यायचं तर फ्लॉपीत भरायचं. फ्लॉपीची खाच पण तिच्याच कॉम्प्युटरला ठेवलीय सेठनी, बाकीच्यांच्या काढून टाकल्या. चोरी होऊ नये म्हणून."

"सुट्टीत कुठे होता?"

"इथंच. गाव लांब पडतं. घरी झोपा काढल्या."

निमेशने बोलायच्या आधीच तोंड वाकडं केलं. कमळ, कुंकू, मुहूर्त हा सगळा वेडेपणा आहे, मुंबईत कोणी असं करत नाही, असं त्याने हिंदीतून ऐकवलं. सुट्टीत कुठे होतात, यावर मात्र "घर पे, और कहाँ" एवढंच म्हणून तो घड्याळ बघायला लागला.

तिसरा वॉचमन काशिनाथ. त्याच्या खोपटात खिळ्याला चाव्या टांगलेल्या. डिझाइन खोलीची दुसरी चावीही त्यातच. बाईंनी विचारलं, सुट्टीत ही इथून हलली का? काशिनाथने आधी टोपी काढली, मग घातली.

"काशिनाथभाऊ, त्या पोरीची आई तुमच्याच गल्लीत राहते. कालपासून तिच्याशी बाया बोलत नाहीत. तुम्ही पाहताय ना?"

"पाहतो, बाई." त्याने खाली बघितलं. "नोकरी जाईल माझी. चावी गेली होती. नव्या वर्षाच्या दिवशी. निमेशभाईंनी नेली. कुणाला सांगू नको म्हणाले."

४

बाईंनी हे सेठला सांगितलं. मुहूर्ताआधी, बेसत्या वर्षाच्या म्हणजे पाडव्याच्या दिवशी, सख्ख्या पुतण्याने कुलूप उघडलं. चोरीपेक्षा त्याला तेच जास्त लागलं होतं.

"मैं पत्ते खेल रहा था," निमेश पडलेल्या आवाजात म्हणाला.

"कुणाबरोबर?"

"अकेला. कॉम्प्युटरवर. घरात सगळे फुवा, मामा, मासी. सालमुबारक केलं की लगेच विचारतात, लग्न कधी. यहाँ एसी था, शांती थी. मी फक्त माझ्या कॉम्प्युटरवर बसलो, काका. पानेतरला मी हात नाही लावला."

"जुठ्ठो," सेठ म्हणाला आणि फोनकडे वळला. चोर सापडला होता. चावी त्याची, दिवस त्याचा, आणि लपवाछपवीही त्याचीच. मालतीबाईंनी फोनवर हात ठेवला.

"हसमुखभाई, घरच्या पोराला आत टाकायची घाई करू नका. काल एका पोरीच्या बाबतीत केलीत, तीच चूक आज दुसऱ्यांदा होईल. विकासभाऊ, वर्षा, तुम्हीही आत या. दार लावून घ्या."

सगळे आले. बाईंनी खुर्ची फिरवून घेतली. खरं सांगायचं तर हा क्षण त्यांना मनापासून आवडायचा. फळ्यावरचं गणित सुटत आलं की त्यांचा आवाज असाच हळू व्हायचा.

"या कॉम्प्युटरने काल गुलाबी कमळ दाखवलं. का? कारण त्याच्या फळीवर जुनी कॉपी पडली होती. ती आली कधी? पूजेच्या आधी आली असती तर वर्षाने साफ केली असती, आणि फळी रिकामी असल्याचं सेठने डोळ्यांनी पाहिलंय. लाभपंचमीला सेठने रंग भरल्यावर आली असती तर पिवळी असती. त्या दिवशी कुलूपही सेठनेच काढलं, त्यांच्या आधी कुणी आत नव्हतं. म्हणजे हे कमळ सुट्टीत उघडलं गेलं. वर्षा तेव्हा शिरपूरकडे होती."

"एटले निमेश," सेठ म्हणाला.

"निमेशभाई आत होते, कबूल. पण मला सांगा, चोरी करायला आलेला माणूस आधी कमळ कशाला उघडेल? घाई असेल, भीती असेल. फ्लॉपी घालायची, पानेतर उघडायचं, भरायचं, पळायचं. कमळाचा त्यात काय संबंध?"

बाईंनी एकेकाकडे पाहिलं.

"संबंध एकच. नव्या वर्षात या खोलीत पहिलं काय उघडायचं, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, तो माणूस चोरीसुद्धा कमळ उघडून, हात जोडूनच करणार. त्याच्याने दुसरं होणारच नाही. आणि निमेशभाईंना तर लाभपंचमीला ते कमळ यादीत सापडेना. वर्षाने बोट ठेवून दाखवलं. ज्याला मुहूर्ताला सापडलं नाही, त्याने चार दिवस आधी ते उघडलं कसं?"

निमेशने मान वर केली.

"रिवाज जाणणारे या खोलीत तिघेच. सेठ नाथद्वाऱ्याला होते. वर्षा गावी होती. निमेशभाई, तुम्ही निघालात तेव्हा चावी कुणाकडे दिलीत?"

"विकासभाई आले होते," निमेश सावकाश म्हणाला. "सालमुबारक करायला. म्हणाले, थोडी देर बैठता हूँ, मी कुलूप लावून चावी खिळ्याला अडकवतो."

५

विकास निकुंभ डगमगले नाहीत. "बसलो होतो," ते म्हणाले. "मघाशी घरी होतो म्हणालो, कारण सेठला राग आला असता. कमळही उघडलं. ते मीच काढलंय, बाई, हाताने, या मिलला एकच प्रिंटिंग टेबल होतं तेव्हा. सणाला बघावंसं वाटलं. कमळ बघितलं म्हणजे पानेतर चोरलं, असं थोडंच होतं?"

"नाही होत," मालतीबाई म्हणाल्या. "अगदी बरोबर. म्हणून ही दुसरी."

त्यांनी टेम्पमधली ती दुसरी कॉपी उघडली. पडद्यावर लाल काठ आला, पांढरं अंग आलं आणि पदरावरच्या वेलीतून एकेक मोर उतरत गेला. सेठच्या हातातली उदबत्तीची राख फरशीवर पडली.

"केबिनमधून तुम्ही पानेतर काढून टाकलंत. यादीतून नाव गेलं, त्यामुळे कुणालाच ते उघडता येईना. पण फ्लॉपीत भरताना तुम्ही ते याच कॉम्प्युटरवर उघडलं होतं. त्याने आपली कॉपी ठेवून घेतली, कमळाच्या शेजारीच. टेम्प तुमचं खातं नव्हतं ना, विकासभाऊ. तिथे बघायचं तुमच्या ध्यानातच आलं नाही. आणि आज हा कॉम्प्युटर पुसला गेला असता तर उरलंसुरलंही गेलं असतं."

विकास निकुंभ स्टुलावर बसले. पहिल्यांदा ते थकलेले दिसले.

"आधी व्यापाऱ्यांना सेठ सांगायचे, हे आमच्या विकासभाईंचं काम," ते म्हणाले. "दसऱ्याला माझ्यासमोर म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये बनवलंय. एकेक मोर मी रात्री जागून काढला होता. कामरेजकडचा एक मिलवाला हेड डिझायनर करतो म्हणाला, पानेतर घेऊन ये. माझं होतं ते मी नेलं. सेठ, फ्लॉपी घरी आहेत, अजून दिल्या नाहीत. मन धजावलं नाही."

सेठने पडद्यावरच्या मोरांकडे पाहिलं. त्यालाही कुठेतरी टोचलं असावं. मालतीबाईंनाही त्या बोटांकडे बघून क्षणभर वाईट वाटलं, आणि ते वाटलं म्हणूनच त्यांना जास्त राग आला.

"मोर तुमचे असतील," त्या म्हणाल्या. "या पोरीचं नाव तुमचं नव्हतं. ते पुसायला कुणी सांगितलं होतं?"

विकास वर्षाकडे वळले. "पोरी, मला वाटलं, चूक झाली म्हणून रागावतील अन् सोडून देतील."

"काल मी रडत तुमच्याकडेच आले होते, काका," वर्षा म्हणाली. "तुम्ही मला पाणी आणून दिलं."



सेठने घसा साफ केला. व्यापारी माणूस, पानेतर परत मिळाल्यावर त्याचं डोकं लगेच थंड झालं. "चालो. घरातली वात घरातच राहू दे. विकासभाई, फ्लॉपी आणून द्या, आणि उद्यापासून येऊ नका. पोलीसबोलीस नको. वर्षा बेटा, जा, काम चालू कर. बाहेर आपण सांगू, कॉम्प्युटर बगडी गयो हतो, आता सुधरी गयो."

मालतीबाई काही बोलायला गेल्या, पण त्यांच्या आधी वर्षाच बोलली.

"कॉम्प्युटर बिघडला नव्हता, सेठ. काल तुम्ही मला चोर म्हणालात तेव्हा सगळं फोल्डिंग खातं उभं होतं. काल जेवढे होते तेवढे सगळे बोलवा. त्यांच्यासमोर सांगा. नाहीतर माझा हिशोब करा, मी जाते."

सेठने मालतीबाईंकडे पाहिलं. बाईंनी शांतपणे पर्स खांद्याला अडकवली आणि दार उघडून धरलं. त्यांची विद्यार्थिनी आता त्यांच्या मदतीशिवाय गणित सोडवत होती, त्यात लुडबूड करायची त्यांना गरज वाटली नाही.

फोल्डिंग खात्यातली मशीन बंद करायला लावली गेली. कापडाच्या थप्प्यांमागून बाया पुढे आल्या, पदराला हात पुसत. पुष्पाबाई, वर्षाची आई, शेवटच्या टेबलाशी एकटीच उभी होती. कालपासून तिने मान वर केली नव्हती, आत्ताही केली नाही.

सेठ मधोमध उभा राहिला. एवढ्या माणसांसमोर चूक कबूल करायची सवय त्याला नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वर्षाए कंई कर्युं नथी. भूल मारी हती."

पुढच्या दोनचार बायांनी ऐकलं आणि एकमेकींकडे बघितलं. सेठ वळून निघाला.

तेव्हा शेवटच्या टेबलापासून पुष्पाबाईचा आवाज आला. तिने पदर सारखा केला होता आणि ती सरळ सेठकडे बघत होती.

"सेठ, जरा जोरमा सांगा," ती म्हणाली. "तिकडल्या बायास्ले ऐकू नही उनं."

हसमुखभाई जागच्या जागी थांबला, परत फिरला, आणि या वेळी त्याने ते पार शेवटच्या थप्पीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.